आधी वाटाण्याचं रोप, मग बांगड्या

प्रश्न: सर, आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६१ टक्के. त्याला फिल्म बनवायचं शिकायचंय, दुसरं काही नकोच म्हणतो. दशावतारी नाटकांचे व्हिडिओ काढून टाकतो, लोकांना आवडतात. मुंबईत एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा कोर्स आहे, फी साडेचार लाख, राहणं-खाणं वेगळं. ह्यांचं म्हणणं असले धंदे आपल्याला नकोत, त्यात यंदा आंबापण कमी आला. माझ्या बांगड्या आणि हार मोडून फी भरू का? - एक आई

ताई, बांगड्या मोडू नका. निदान आत्ता तरी नको. आणि मुलाला नाही म्हणा असं मी सांगत नाहीये, होच म्हणा, फक्त साडेचार लाखांना हो म्हणण्याऐवजी पंधरा हजारांना हो म्हणा.

दागिन्यांवरून आठवलं. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटापायी सरस्वतीबाईंचे दागिने गेले ही गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात, पण त्याच्या आधी काय झालं ते कुणी सांगत नाही. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी एकदम मोठं काही काढायला घेतलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप कसकसं वर येतं ते थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसलं, आणि ते बघून पैसे लावणारा माणूस मिळाला. दागिन्यांची वेळ आली ती त्यानंतर. (विमा आधीच गहाण पडला होता म्हणा, पण ते मुलाला सांगायला नको.)

तर तुमच्या झिलाचा वाटाणा आधी बघूया. त्या पंधरा हजारांत पाच मिनिटांची फिल्म, एकच घर, दोनच माणसं, गाणं नाही, ड्रोन नाही. विजयदुर्ग तर नाहीच, तो संरक्षित किल्ला आहे, तिथे ट्रायपॉड लावून गोष्ट शूट करायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि पहिल्याच फिल्मला त्या कागदांत महिना घालवायचं काही कारण नाही. तुमची पडवी, खळं आणि माजघर मिळून तीन लोकेशनं होतात. माणसं पण हाताशी आहेत, ज्या दशावतारी कलाकारांचे तो व्हिडिओ काढतो ते लिहिलेल्या संवादांशिवाय रात्रभर नाटक उभं करतात, मेकअप स्वतःचा स्वतः करतात, असले नट मुंबईत पैसे देऊन मिळायचे नाहीत. फक्त त्यांना सांगावं लागेल की बाबा आवाज कमी, कॅमेरा दोन हातांवर आहे.

व्हिडिओ काढतो म्हणजे मोबाईल बरा असणार. कॅमेरा विकत घेऊ नका. सेकंदाला पंचवीस फ्रेमवर शूट करायचं आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेवायचं, आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाईट मग फडफडत नाही, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाईट बॅलन्स (रंग) लॉक करायचे, म्हणजे शॉटमध्ये ते आपोआप बदलत नाहीत. हे सगळं हाताने सेट करता येईल अशी फुकट ॲप आहेत, ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप त्यातलंच, त्याच्या फोनवर चालतं का ते त्याने बघावं. लाईट म्हणजे खिडकी आणि समोर पांढरा थर्माकोल. मुंबईच्या सेटवरही लाईट दादा थर्माकोलच धरून उभे असतात.

आता जे खरं सांगायचंय ते आवाजाचं. नव्या मुलांच्या शॉर्ट फिल्म मी बऱ्याच बघतो, चित्र जरा हललं, अंधारलं तरी माणूस सोसून घेतो, पण संवाद कळला नाही की दुसऱ्या मिनिटाला बंद करतो. आणि किनाऱ्यावर आवाज पकडणं हा वेगळाच ताप आहे. माझ्या भाच्याच्या फिल्मला मी स्वतः कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर रंगाऱ्याच्या काठीला माईक बांधून तीन तास उभा होतो, घरी येऊन ऐकलं तर नुसतं फर्रफर्र, एक वाक्य धड नाही, शेवटी चौघांना गोधड्यांच्या कपाटात तोंड घालून डबिंग करायला लावलं. माईकला केसाळ टोपी लागते हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरं म्हणजे गाज. कानाला ती सारखी वाटते पण प्रत्येक शॉटला वेगळी असते, एडिटला दोन शॉट जोडले की मध्येच समुद्र उडी मारल्यासारखा वाटतो, म्हणून शूट संपलं की सगळ्यांना गप्प बसवून दोन-तीन मिनिटं नुसती गाज रेकॉर्ड करायची आणि ती पूर्ण सीनखाली अंथरायची. घरात शूट असेल तर पंखा बंद, फ्रिज बंद, विहिरीचा पंप बंद, आणि रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट वेगळी घ्यायची, तिला रूम टोन म्हणतात. वायरवाला कॉलर माईक हजाराच्या आत-बाहेर मिळतो, तो दुसऱ्या मोबाईलला लावून नटाच्या खिशात टाकायचा, टाळी वाजवायची आणि एडिटला त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचे. त्याला ह्यात मजा आली तर साउंडकडे जरूर वळू दे, डायरेक्टर व्हायला दहा जण निघतात, बूम, म्हणजे माईकची लांब काठी, धरायला एक मिळत नाही.

बाकी पैसे जेवणात जातील. दहा माणसं, तीन दिवस, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, पंधरा हजारांतला मोठा वाटा तोच. सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचं जेवण करायच्या, वर फिल्मला भोकं पाडायचं आणि धुवायचं कामही करायच्या, तुम्ही एवढं करू नका पण हिशेबाची वही तुमच्याकडे ठेवा, मुलाला प्रोड्युसर म्हणजे काय ते पहिल्या दिवशी कळेल. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, लॅपटॉप मात्र बऱ्यापैकी लागतो, तो ओळखीत मिळतोय का बघा. रोजचं फुटेज रोज दोन ठिकाणी कॉपी करायचं, ह्यात आळस नको. गाणं कुठल्याही सिनेमातलं उचलायचं नाही, यूट्यूबवर क्लेम येतो आणि फेस्टिव्हलला हक्कांचे कागद मागतात.

आता शिक्षणाचं. पुण्याची एफटीआयआय ही फिल्म आणि टीव्ही शिकवणारी सरकारी संस्था, १९६० पासूनची, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, तिथले डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंडचे तीन वर्षांचे कोर्स पदवीनंतरचे आहेत, प्रवेश परीक्षेतून. म्हणजे बारावीवर पदवी न घेता तो मुंबईला पळाला तर हे दार बंद. म्हणून कुठलीही पदवी घेऊ दे, मुंबई विद्यापीठाचं मास मीडिया जवळपास मिळालं तर उत्तमच, नाहीतर साधं बीए, आणि सुट्टीत एफटीआयआयचे छोटे कोर्स असतात त्यातला एखादा करू दे.

दुसरा रस्ता कुणी सुचवत नाही, मी सुचवतो. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन. सेटवरच्या लाईट डिपार्टमेंटला वीज कळणारा माणूस सोन्यासारखा असतो, दोन हजार वॅटचा लाईट २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तो माजघरातल्या पाच अँपिअरच्या सॉकेटला लावला की काय होईल हे ज्याला आधी कळतं त्याला युनिट परत बोलावतं. आणि उद्या फिल्म नाही जमली तर गावात वायरिंगचं काम कधी संपत नाही. ह्यांना हे नक्की पटेल, त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

ह्यांची भीती खोटी नाही हे पण सांगतो. मुंबईत बारा तासांची शिफ्ट, सुरुवातीला असिस्टंटला कधी फुकट कधी नुसत्या कन्व्हेयन्सवर राबवतात, टीव्हीत तर केलेल्या कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात. घरून खोलीचं भाडं येत राहिलं नाही तर पोरं वर्षभरात परत येतात, त्यांच्यात गुण नसतात म्हणून नव्हे. तुमचे साडेचार लाख सगळे फीत गेले तर ह्या काळासाठी काय उरेल? त्यापेक्षा आकेरीसारख्या ठिकाणी मालिकेचं युनिट येतं तेव्हा तिथे प्रॉडक्शनला चिकटायला सांगा. वाडा कुणाचा, होडी कुणाची, दहा माणसांचं जेवण कुठे, ग्रामपंचायतीत कुणाला भेटायचं, हे सगळं गावातल्या पोरालाच ठाऊक असतं.

नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून पणजीतच. कणकवलीला गाडी पकडायची, थिवीला उतरायचं, पुढे बस. डेलिगेट म्हणून आधी नाव नोंदवायचं आणि दिवसाला चार सिनेमे बघायचे, पहिल्या वर्षी एवढंच.

कोर्स तरीही करायचाच असेल तर पुढच्या वर्षी, फिल्म हातात असताना. तेव्हा त्या संस्थेत जाऊन विचारायचं की मागच्या बॅचची पोरं आत्ता कुठे कामाला आहेत, त्यातल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का, आणि प्रत्येक मुलाला वर्षभरात स्वतःची किती मिनिटं शूट करायला मिळतात. स्टुडिओ दाखवतील, तो बघून भुलू नका.

शूट आत्ता पावसात नको, कौलांवरच्या आवाजात कॉलर माईकही हात टेकतो. आत्ता लिहू दे. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, तेव्हाही नाही. ते परत गेले की नवरात्राच्या आधी तीन दिवस काढायचे, आणि दिवाळीपर्यंत एडिट करून मला पाठवायची, कशी का असेना. मग बांगड्यांचं बोलू. आणि हो, त्या दिवसांतही एखादी सर येतेच, तेव्हा मोबाईलवर छत्री कुणी धरायची ते आधीच ठरवा, आमच्याकडे ते राहून गेलं होतं.