कॉलनीच्या औषधी बागेत स्वयंसेवक टिकत नाहीत, काय करावं?

पाळ्या लावून कोणी टिकत नाही, हे आधी सांगते. तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात पंधरा-वीस जण आले आणि दिवाळीनंतर दोघंच उरले. रोपं लावायला सगळेच येतात. माणसं धरून ठेवतो तो खताचा खड्डा.

आमची कॉलनी इंदूरची, माती काळी. पावसात चिखल, वैशाखात भेगा; कोरफड कुजायची, ब्राह्मी वाळायची. म्हणून आम्ही खड्डा घेतला. वाळका पाला, शेण, राख, माती असे थर द्यायचे, ओल राखायची, तीन महिन्यांत तीनदा वर-खाली करायचं. जगभर गाजलेली 'इंदूर पद्धत' ती हीच. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी ती इथल्याच शेती संशोधन संस्थेत बसवली आणि 1931 साली पुस्तकात मांडली. इंदूरच्या माणसाला हे ठाऊक नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

खत उलटणं एकट्याचं काम नाही, त्यामुळे रविवारी सकाळी लोक आपोआप जमायचे. कोणी निर्माल्य आणायचं, भुट्टेवाला सालं ठेवून जायचा. जाताना जो तो गवती चहा, अडुळसा खुडून न्यायचा. खुडायलाच हवं, मंजिऱ्या तशाच ठेवल्या की तुळस लाकडासारखी होते.

मग कमिटीतल्या एका काकांना खड्ड्याचा वास यायला लागला. कचरागाडी रोज दारात येते, 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं, आणि तुम्ही घाण साठवता? अहो, उष्टं टाकलं नाही आणि हवा खेळती ठेवली तर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो! सभेत मी ते खत नेऊन प्रत्येकाच्या हातावर ठेवलं. तरी ठराव त्यांच्या बाजूने झाला. खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसले, 'पाने तोडू नयेत' अशी पाटी लागली, गोणीतलं खत माळी टाकू लागला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालायलाही कोणी फिरकलं नाही. लोक आळशी, असं काका अजून म्हणतात. साफ चूक. लोकांचं काम काढून घेतलं, खुडायचा हक्क काढून घेतला, मग त्यांनी यायचं कशासाठी?

तेव्हा खड्ड्याची जागा ठरावात लिहून घ्या, मगच पुढचं रोप लावा. तोंडी होकाराला कमिटी बदलली की किंमत राहत नाही.

हां, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, त्या दिवसांत जमिनीवरच ढीग करा. आणि गुळवेलीसारखे दिसणारे दुसरे वेलही असतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय कोणाला नेऊ देऊ नका. काढा किती घ्यायचा, ते वैद्यांना विचारू दे.