फक्त नँड गेट वापरायचे असतील तर ट्रुथ टेबलवरून सर्किट कसं काढायचं?

तुमचा प्रश्न असा: तीन इनपुटचं ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला काय आउटपुट याचा तक्ता) दिलंय, हाताशी फक्त टू-इनपुट नँड (दोन्ही इनपुट एक असतील तरच शून्य देणारे गेट) आहेत, मग आधी अँड-ऑर-नॉटचं सर्किट काढून एकेक गेट बदलत बसायचं का?

नाही. सम ऑफ प्रॉडक्ट्स लिहा, म्हणजे आउटपुट एक असलेल्या ओळींच्या अँड टर्म ऑरने जोडा; मग अँडच्या जागी नँड, शेवटच्या ऑरच्या जागीही नँड. मधले बबल (गेटच्या तोंडावरचे, सिग्नल उलटा करणारे गोल) एकमेकांना खाऊन टाकतात. एखादी टर्म एकाच अक्षराची असेल तर तेवढी उलटी करून घ्या. पण डोळे झाकून हेही करू नका. याच गोष्टीवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी माझे मार्क गेलेत.

प्रॅक्टिकलला चिठ्ठी निघाली: फुल ॲडर (ए, बी, सी हे तीन बिट मिळवून सम म्हणजे बेरीज आणि कॅरी म्हणजे हातचा देणारं सर्किट), फक्त ७४०० (चार टू-इनपुट नँडचा आयसी) वापरून. डब्यात आयसी चारच, म्हणजे १६ गेट. जर्नलमधल्या, म्हणजे सम ऑफ प्रॉडक्ट्सच्या, पद्धतीने हिशोब मांडला. समचे चार मिनटर्म (सम एक असलेल्या ओळी) के-मॅपवर (शेजारच्या ओळींच्या जोड्या लावून समीकरण लहान करायच्या चौकटीवर) बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक बसतात, एकही जोडी लागत नाही. इनव्हर्टर ३, चार मिनटर्मना प्रत्येकी ३ म्हणजे १२, त्या चौघांना एकत्र आणायला ५. झाले २०. कॅरीचे ६. एकूण २६ गेट, सात आयसी. कुठून आणणार?

मग मी टेबलच नीट वाचलं. सी शून्य असलेल्या चार ओळींत सम म्हणजे ए आणि बी यांचा एक्सॉर (दोन्ही वेगळे असतील तरच एक), आणि सी एक असलेल्या चार ओळींत नेमका त्याच्या उलट. म्हणजे एक्सॉरला पुन्हा सीशी एक्सॉर. एक्सॉर चार नँडमध्ये होतो, दोनाचे आठ. कॅरीसाठी वेगळं काही करावंच लागत नाही: दोन्ही एक्सॉरमधल्या पहिल्या नँडची आउटपुटं नवव्या नँडला द्या, कॅरी तयार. तीन आयसी, वर तीन गेट शिल्लक.

एलईडी लावून आठही ओळी तपासल्या, सगळ्या बरोबर. एक्स्टर्नल सरांनी बोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही. उत्तरपत्रिका उघडून म्हणाले, "समीकरण कुठंय? हे पाठ करून आलायस." तोंडीत मी गप्प राहिलो, त्याचं आजही वाईट वाटतं. पाठ केलं नव्हतं. टेबलच्या ओळी वाचणं हीच पद्धत आहे. के-मॅप हे त्या वाचनाचं एक साधन आहे, आणि एक्सॉरसमोर ते साधन थिटं पडतं.

आता पॅनेलच्या कामात नवीन मुलं येतात. त्यांना पहिला तास पेन्सिल हातात घेऊ देत नाही. एक कॉलम झाकून उरलेल्या अर्ध्या टेबलात काय दिसतं ते तोंडाने सांगायला लावतो.

एक सांगायचं राहिलं. डब्यात ७४१० आणि ७४२० असतील, म्हणजे तीन आणि चार इनपुटचे नँड, तर जर्नलची पद्धत १२ गेटमध्ये बसते आणि सिग्नलला जास्तीत जास्त तीन गेट ओलांडावे लागतात. माझ्या नऊवाल्यात समपर्यंत सहा ओलांडावे लागतात, म्हणजे वेगात ती पद्धत सरस. पण टू-इनपुटच वापरायचे असतील तर तीच वाट सात गेटची होते. वेगाचा मुद्दाही सरांच्या बाजूने उरत नाही.

परीक्षेत मात्र समीकरण आधी लिहा, मग बोर्ड जोडा.