प्रोजेक्टचं बजेट कोण बघणार?

प्रश्न: मी रत्नागिरीत कॉलेजला झूलॉजी शिकवते. भाट्ये खाडीतल्या कालवांवर (ऑयस्टर) रिसर्च ग्रँटसाठी अर्ज करायचाय. युनिव्हर्सिटीचं रिसर्च ऑफिस फक्त सही-शिक्क्यापुरतंच असतं का?

उत्तर: नाही हो ताई, पण शेवटच्या दिवशी गेलात तर तेवढंच होतं. आधी जा, कच्चा मसुदा घेऊनच जा. कुठली स्कीम बसते, ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा वरखर्च, किती धरायचं, उपकरणं आणि प्रवास वेगळ्या हेडखाली कसे दाखवायचे हे ते बघून देतात, संस्थेचं संमतीपत्रही तिथूनच निघतं. आणि सर्बचं, म्हणजे संशोधनाला ग्रँट देणाऱ्या केंद्राच्या जुन्या मंडळाचं, काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलंय, 2023 च्या कायद्याने, त्यामुळे जुने फॉर्म भरत बसू नका. ऑफिसची खरी गरज ग्रँट मिळाल्यावर लागते, कारण खरेदी, प्रोजेक्ट असिस्टंटची नेमणूक आणि 31 मार्चनंतरचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला (फॉर्म जीएफआर 12-ए), हे एकट्याने करायला गेलं की लॅबमध्ये बसायला वेळच उरत नाही, मी हे जवळून पाहिलंय. अजून एक, कालवं ओहोटीलाच हाती लागतात आणि पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरतो, म्हणून वेळापत्रकात जून ते सप्टेंबर वेगळे मांडा, ऑफिसवाल्यांना हे आपणहून कळणार नाही, तुम्हीच सांगा.