वाचक विचारतात : जुनी फोर बाय फोर घ्यायचीय

पावसाळा तोंडावर आला की जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी निवडलेले पाचही प्रश्न त्याच विषयाचे आहेत.

प्रश्न : रोज हडपसर ते हिंजवडी जा-ये. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. महिन्यातून एकदा वेल्ह्याकडच्या गावी जातो. शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसात चिखल आणि एक खडा चढ. बजेट आठ-नऊ लाख. जुनी थार, डस्टर एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह), स्कॉर्पिओ फोर बाय फोर आणि सफारी स्टॉर्म बघून झाल्या. कोणती घ्यावी? (पुणे)

उत्तर : यादीतून थार आधी काढा. ऑक्टोबर २०२० पूर्वीची थार म्हणजे मागे समोरासमोर दोन आडवी बाकं, एअरबॅग एकही नाही, आणि चढायचं मागच्या दारातून. दोघा मित्रांना ती छान आहे, पण आईंना त्या बाकावर बसवून घाट चढू नका.

उरलेल्या तिघींत निवड करण्याआधी एकच गोष्ट ठरवा : लो रेंज लागणार आहे का? लो रेंजमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) चाकांचा वेग साधारण अडीच पटीने कमी करते आणि ओढ त्याच प्रमाणात वाढवते. लोक म्हणतात, ती चढासाठी असते. खरं तर उतारावर तिची किंमत जास्त कळते. पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला पाय न लावता गाडी पावलापावलाने खाली येते. हाय रेंजमध्ये, म्हणजे नेहमीच्या गिअरिंगमध्ये, तोच उतार ब्रेकवर उतरायला गेलात, तर ओल्या मातीत चाकं जाम होऊन घसरतात आणि गाडी आडवी होते.

स्कॉर्पिओ आणि स्टॉर्म, दोघींना वेगळी चेसिस आहे, लो रेंज आहे आणि फोर व्हील गरजेपुरतं लावायचं असतं. डस्टरला लो रेंज नाही. तिचा पहिला गिअर मुद्दाम खूप छोटा ठेवलाय, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर आहे आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यामुळे खड्ड्यांतून ती या दोघींपेक्षा आरामात जाते. कमजोरी दोन. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, म्हणून चढाच्या मध्येच थांबलात तर क्लच जाळल्याशिवाय निघणं अवघड. आणि चाकं बराच वेळ नुसती फिरत राहिली की मागच्या चाकांना ताकद देणारं कपलिंग तापतं व थंड होईपर्यंत काम सोडतं.

आता हिशोब बघा. बावीस दिवस रोजचे साठ किलोमीटर धरले तर महिन्याला तेराशे किलोमीटर डांबर, आणि कच्चा रस्ता जाऊन-येऊन सहा. पत्रात लिहिलंय तसा नुसता चिखल आणि एकच चढ असेल, तर आमचं मत डस्टर एडब्ल्यूडीला. चढावर नारळाएवढे सुटे दगड असतील किंवा ओढा उतरून जायचं असेल, तरच स्कॉर्पिओ घ्या आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधला जड क्लच सहन करा. स्टॉर्म वाईट नाही, पण एवढी लांब गाडी रोज पार्क करायला जागा आहे का, ते आधी मोजा.

डस्टर बघताना दोन गोष्टी सोडू नका. गिअरच्या पुढे टूडब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक असा तीन खुणांचा गोल नॉब हवा. नुसता मागचा स्टिकर पुरावा नाही, तो बाजारात मिळतो. दुसरं म्हणजे टायमिंग बेल्ट. या दीड लिटर डिझेलला चेन नसते, बेल्ट असतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बदलल्याचं बिल दाखवलं नाही, तर बदललेला नाही असंच समजा आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप असा पूर्ण संच किमतीतून वजा करा. हे मॉडेल आपल्याकडे २०२२ मध्ये बंद झालं. इंजिनचे पार्ट मिळतात. एडब्ल्यूडीचे खास पार्ट मात्र थांबून घ्यावे लागतात, म्हणून मागचं कपलिंग आवाज करत असेल तर ती गाडी सोडा.

प्रश्न : एजंट नॉब फिरवून दाखवतो, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागतो आणि तो म्हणतो, "बघा, चालू आहे." एवढं पुरेसं आहे का? (सातारा)

उत्तर : नाही. त्या दिव्यावरून स्विचपर्यंतचं कळतं. पुढच्या चाकांना ताकद पोचते का, हे जमिनीवरच बघावं लागतं.

मुरमाचं किंवा मातीचं मोकळं मैदान गाठा. आधी टू एचमध्ये (नेहमीची दोन चाकांची ड्राइव्ह) स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने एक फेरी मारा. मग फोर एच (चारही चाकं, हाय रेंज) लावून तीच फेरी. स्कॉर्पिओ, स्टॉर्म, थार, जिप्सी अशा गाड्यांत फोर एच लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण शाफ्ट सुटे फिरू देत नाहीत. म्हणून गाडी जड होते, अडखळते, पुढची चाकं माती ओरबाडतात. हे जाणवलं तर फोर व्हील लागतंय. दोन्ही फेऱ्या सारख्याच वाटल्या, तर हब, शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस यांपैकी काहीतरी गेलंय. (हाच ताण कोरड्या डांबरावर मोकळा होत नाही आणि थेट ट्रान्सफर केसमधल्या चेनवर व जॉइंटवर येतो. म्हणून डांबरावर फोर एच लावून फिरू नका, पाऊस पडत असला तरी.)

मग लो रेंज. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा, मग फोर एल (चारही चाकं, लो रेंज) लावा. दिवा लुकलुकून स्थिर होईपर्यंत थांबा. पहिल्या गिअरमध्ये थोडा चढ चढा आणि मध्येच ॲक्सिलरेटर सोडा. लिव्हरवाल्या गाडीत फोर एल इथे उडून न्यूट्रलला आला, तर आतला फोर्क किंवा गिअर झिजलाय. नॉबवाल्या गाडीत नेहमीचा दोष वेगळा असतो : वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे शिफ्ट मोटर अडकते आणि दिवा लुकलुकतच राहतो. ताकद लागल्यावर फक्त फोर व्हीलमध्येच खटखट येत असेल, तर चेन सैल झाली आहे.

यानंतर गाडी रॅम्पवर घ्या. तेवढे पैसे तुम्ही द्या, हरकत नाही. न्यूट्रलमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने पकडून गोल आणि वर-खाली हलवा. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये खेळ असला तर लगेच कळतो. एक्सलच्या टोकाचे रबरी बूट फाटलेत का, आतून ग्रीस उडालंय का बघा. मग मेकॅनिकला डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधला गिअरचा डबा) वरचा, म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट आधी उघडायला सांगा. खालचा आधी उघडला आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तेलाविना रॅम्पवरच राहील. बोट आत घाला. तेल भोकाच्या कडेपर्यंत हवं. रंग दुधाच्या चहासारखा असेल तर आत पाणी गेलंय. कारण साधं आहे. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. वरची ब्रीदर, म्हणजे हवा येण्या-जाण्याची नळी मातीने बुजलेली असली तर हवेऐवजी ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. खालच्या बोल्टच्या लोहचुंबकावर करडी पेस्ट चालते, नखाला टोचणारे कण चालत नाहीत.

चेसिसला खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं की खूश होऊ नका. विकायच्या आठवड्यात ते कशावर मारलं, हे विचारा. लहान हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला भदभदतो. समुद्राकाठच्या गाडीत मागच्या चाकांवरचा चेसिसचा भाग आणि बॉडी चेसिसला जिथे बसते त्या माउंटच्या भोवतालची जागा आधी जाते. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून बघा. धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, तेव्हा पाण्याखाली राहिलेल्या गाड्या पुढे कुठे ना कुठे विकल्या गेल्याच.

प्रश्न : दिल्लीची २०१३ ची फॉर्च्युनर इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. नाशिकला आणावी का? (नाशिक)

उत्तर : स्वस्त आहे कारण दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घातली, तपशिलात पुढे बदल होत राहिले. तुमच्या कामाचा प्रश्न एवढाच, की या गाडीची नोंदणी आज चालू आहे का. टोकन देण्याआधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा. नोंदणी रद्द दिसली, तर तिथेच थांबा.

चालू असेल तर क्रम असा : विक्रेत्याने तिकडच्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी काढायची, कर्ज असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवायचा, नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. मग इकडे रोड टॅक्स आणि एमएचचा नंबर. टॅक्स तुम्ही मोजलेल्या किमतीवर लागेल असं धरून चालू नका. आधी आरटीओतून आकडा लिहून घ्या, मग त्यात वाहतूक, एजंट आणि चार टायर मिळवा. बऱ्याचदा फरक तिथेच संपतो. शिवाय पंधरा वर्षांनी फेरनोंदणी आहेच, आणि इतक्या जुन्या गाडीला कर्ज मिळणं कठीण.

आणखी एक. त्या पिढीच्या बऱ्याच फॉर्च्युनर टू व्हील आहेत. फोर बाय फोरला दुसरी लिव्हर असते, आणि ती फुल टाइम असल्यामुळे डांबरावरही चालते. पुढचा-मागचा शाफ्ट बांधणारं लॉक मात्र फक्त चिखलात.

प्रश्न : मुलांची शाळा आणि माझं ऑफिस मिळून रोज बारा किलोमीटर, सगळं शहरात. सुट्टीत ताडोबाच्या बाजूला आणि मेळघाटात जातो. २०२१ ची डिझेल थार की २०२३ ची जिमनी? (नागपूर)

उत्तर : जिमनी. बीएस-सिक्स डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो जाळून साफ व्हायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं हायवेच्या वेगाने पळावी लागते. सहा किलोमीटर जाऊन बंद, पुन्हा सहा किलोमीटर, असं चाललं की सफाई अर्धवट सुटते, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वर चढते. वापरलेली डिझेल थार बघताना म्हणूनच डिपस्टिक काढा. पातळी मॅक्सच्या वर असेल तर गाडी बहुधा फक्त शहरात फिरली आहे.

जिमनीला पाच दारं आहेत, लो रेंज सगळ्या मॉडेलना आहे. पण सीट चारच, आणि मागची सीट उभी ठेवली तर डिकी २०८ लिटर. दोन मध्यम बॅगा झाल्या की संपली. १०५ पीएसचं पेट्रोल इंजिन समृद्धीवर चार माणसांसह दमल्यासारखं वाटेल. तरीही थारच हवी असेल तर पेट्रोल बघा, आणि २०२३ पासून थार टू व्हीलमध्येही येते हे लक्षात ठेवून दुसरी लिव्हर आहे ना, ते तपासा.

प्रश्न : घेतलेल्या २०१५ च्या स्कॉर्पिओ एस१० ला आधीच्या मालकाने मोठे मड टायर लावलेत. ठेवू की काढू? आमच्याकडे काळी माती आहे. (परभणी)

उत्तर : काढा आणि मूळ २३५/६५ आर१७ मापाचे एटी (ऑल टेरेन) टायर घाला. टायरचा व्यास दहा टक्के वाढला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते. ब्रेकला जास्त जोर लागतो, क्लच लवकर जातो, ॲव्हरेज पडतं. मड टायरच्या मोठ्या गट्ट्या ओल्या डांबरावर कमी पकडतात. आरसीतल्या मूळ रचनेबाहेरचा बदल असला, तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

काळ्या मातीचं म्हणाल, तर तिच्यात कुठलाही टायर पाच मिनिटांत गुळगुळीत होतो. माती खाचांत भरते आणि पडतच नाही. तिथे फोर एच, दुसरा गिअर आणि एकसारखा वेग लागतो, मध्ये थांबायचं नाही. हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि कमी रुततो. पण सोबत कंप्रेसर हवा, कारण त्या हवेवर डांबरावर पळवलं तर टायर तापून फुटू शकतो. रुतलात तर ॲक्सिलरेटर देत बसू नका, एक्सल टेकेल. चाकांपुढची माती फावड्याने काढा आणि दोर ओढायच्या हुकलाच बांधा, बंपरला कधीच नको.