कुणी पाळत नाही तो कायदा शिकून करायचं काय?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षा द्यावी, न्यायाधीश व्हावं ही आमची इच्छा. ती म्हणते, आंतरराष्ट्रीय कायदाच करणार, त्यातही एका देशाने दुसऱ्यावर बळ वापरू नये यासाठीचा कायदा. रोज टीव्हीवर युद्ध चालू आहे आणि युनो हात चोळत बसलीय. मग हे शिकून पोट कसं भरणार? – एक पालक, बार्शी

सप्रेम नमस्कार.

तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे. १९२८ साली पॅरिसमध्ये बड्या देशांनी युद्धाचा मार्ग सोडल्याच्या करारावर सह्या केल्या आणि अकरा वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने कलम २(४) मध्ये बळाचा वापरच नव्हे, त्याची धमकीसुद्धा निषिद्ध केली. सुटका दोनच : कलम ५१ खालचा स्वसंरक्षणाचा हक्क, नाहीतर सुरक्षा परिषदेची परवानगी. पण परिषदेत पाच कायम सदस्य देशांकडे नकाराधिकार. गुन्हा त्यांच्यापैकीच एकाचा असला की गाडी तिथेच अडते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरचा ठराव रशियाने असाच अडवला. त्याआधी मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशाच्या बंदरांत सुरुंग पेरल्याबद्दल आणि तिथल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवल्याबद्दल नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये अमेरिकेला दोषी ठरवलं (तेव्हा अध्यक्षपदी आपले नगेंद्र सिंह होते). अमेरिका खटला अर्ध्यात सोडून गेली होती. भरपाई तिने दिलीच नाही. हे सगळं तुमच्या मुलीला वर्गात शिकवलं असेल, आणि तरीही तिला हाच विषय हवाय, याची नोंद घ्या.

आता टीव्हीवर न दिसणारी बाजू. आफ्रिकेत चाड आणि लिबिया या देशांमध्ये औझू नावाचा वाळवंटी पट्टा आहे, सुमारे एक लाख चौदा हजार चौरस किलोमीटरचा. १९७३ पासून तो लिबियाच्या ताब्यात होता. १९८७ मध्ये चाडच्या सैनिकांनी टोयोटा पिकअपवर शस्त्रं चढवून लिबियाच्या रणगाड्यांना पळवलं, त्यावरून त्या लढाईला ‘टोयोटा युद्ध’ नावच पडलं. पुढे दोन्ही देशांनी मिळून वाद हेगला नेला. तिथे सगळं येऊन थांबलं ते फ्रान्स (तेव्हा चाड त्याच्याच ताब्यात होता) आणि लिबियामधल्या १९५५ च्या एका करारावर. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं होतं की परिशिष्टात दिलेल्या जुन्या करारांनी ठरते तीच सीमा. बस्स. बांधाच्या तंट्यात एखादा जुना फेरफार निघावा आणि पुढचं सगळं भांडण त्यावर फिरावं, तसं झालं. ३ फेब्रुवारी १९९४ रोजी सोळा विरुद्ध एक मतांनी निकाल चाडच्या बाजूने लागला. ते एक मत लिबियानेच नेमलेल्या न्यायाधीशांचं. आणि मे अखेर लिबियाचं सैन्य खरोखर निघून गेलं. देखरेखीला संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक किती? नऊ.

या क्षेत्रातलं काम ते हे. रणगाड्यापुढे उभं राहणं त्यात येत नाही. करार, नकाशे, परिशिष्टं, शेकडो पानांची लेखी निवेदनं. माझ्या मते जिला कागद वाचायची चिकाटी आहे तिचंच हे काम. नुसती युद्धाची चीड पुरत नाही, ती दोन वर्षांत ओसरते.

जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या लीगल अँड ट्रीटीज डिव्हिजनमधल्या विधी अधिकाऱ्यांची भरती यूपीएससीमार्फत होते. भारतीय परराष्ट्र सेवा आहेच. लवाद आणि सीमा-सागरी वादांची कामं घेणाऱ्या लॉ फर्म आहेत, विद्यापीठातली प्राध्यापकी आहे. संयुक्त राष्ट्रांत थेट नोकरी मिळणं सर्वांत अवघड. ती धरून योजना आखू नका.

आणि खरं सांगू, तुमच्या घरातलं भांडण आज मिटवायची गरजच नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. (जाहिरात निघेल तेव्हा अट तपासून घ्या.) आंतरराष्ट्रीय कायद्यातही कोर्टाचा अनुभव असलेल्या उमेदवाराला वजन असतं. म्हणजे लॉ संपल्यावरची दोन-तीन वर्षं दोन्ही वाटांसाठी सारखीच : चांगल्या सीनियरकडे काम, ड्राफ्टिंग, युक्तिवाद. पुरावा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया आत्ताच पक्की करू दे.

त्यासोबत तिने दोन गोष्टी सुरू कराव्यात. पहिली फ्रेंच. हेगच्या न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच. दुसरी, जेसप मूट कोर्ट स्पर्धेसाठी (आंतरराष्ट्रीय कायद्यावरचे लुटुपुटीचे खटले विद्यार्थी लढवतात ती) कॉलेजच्या संघात घुसणं. निवड झाली नाही तरी संशोधनाला मदत करायची म्हणावं.

परदेशी एलएलएमसाठी (कायद्याची पदव्युत्तर पदवी) मात्र आत्ता कर्ज काढू नका. दिल्लीत जेएनयू आणि साउथ एशियन युनिव्हर्सिटी इथे हा विषय नीट शिकवला जातो. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अकॅडमीचे उन्हाळी वर्ग काही आठवड्यांचे असतात, शिष्यवृत्तीही मिळते. तिकडे जाऊन आल्यावर परदेशाचं ठरवता येईल.

तोवर सुट्टीत तिला औझूचा निकाल मूळ इंग्रजीत वाचायला लावा. न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मग संध्याकाळी जेवताना तिला विचारा, लिबियाची बाजू कुठे कमी पडली. तुम्हाला पटेल असं उत्तर तिने दिलं, तर जेएमएफसीचा विषय तीन वर्षं काढू नका.