वाचकांचे प्रश्न : वादळ, दरड, खारं पाणी – कोणाचं काम, कोणाचा खर्च?

पावसाळा तोंडावर आला की कोकणातून येणाऱ्या पत्रांचा सूर बराचसा एकच असतो : हे काम नक्की कोणाचं? त्यातली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : गावात वादळ आलं तर कायद्याने जबाबदार कोण? वरून सांगतात, आराखडा ग्रामपंचायतीने करायचा. आमच्याकडे ना माणसं, ना पैसा. (एक सरपंच, रत्नागिरी जिल्हा)

जबाबदारी जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायत या दोघांचीही आहे, पण कामं वेगळी आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. घरं रिकामी करायला लावणं, रस्ता बंद करणं, खासगी वाहनं-यंत्रं ताब्यात घेणं हे अधिकार त्या प्राधिकरणाचे. तालुक्यात ते तहसीलदारांमार्फत वापरले जातात. सरपंचाने लोकांना समजवावं, पण हुकूम काढायची वेळ आली तर तो तहसीलदारांकडूनच यायला हवा. म्हणून वेळेत फोन करा आणि फोनची वेळ नोंदवून ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

त्याच कायद्याच्या कलम ४१ ने ग्रामपंचायतीवरही थेट कर्तव्य टाकलं आहे : आपल्या माणसांना प्रशिक्षण देणं, साधनं वापरण्याजोगी ठेवणं, बांधकामं नियमानुसार होताहेत हे पाहणं आणि मदतकार्यात भाग घेणं. ‘आम्ही फक्त कळवणारे’ असं ग्रामपंचायतीला म्हणता येत नाही.

गावोगावचे आराखडे बहुतेक एकाच जागी फसतात, ते म्हणजे निवारा. ‘जिल्हा परिषद शाळा, क्षमता २००’ असं लिहून मोकळं व्हायचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांनुसार निवारा केंद्रात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी आणि ३० माणसांमागे एक शौचालय लागतं. २० बाय २४ फुटांचा वर्ग साधारण ४४ चौरस मीटरचा होतो, म्हणजे त्यात १२ माणसं मावतात. तीन वर्गांच्या शाळेत ३६. शिवाय शाळा कौलारू किंवा पत्र्याची असेल तर जोराच्या वाऱ्यात पहिलं छप्पर तिचंच जायचं. आधी स्लॅबच्या इमारती मोजा. मंदिराचा सभामंडप, सोसायटीचं गोदाम, एखाद्याचा नवा बंगला असं काहीही चालेल, पण मालकाची संमती मे महिन्यातच लेखी घ्या. १०० माणसं दोन दिवस ठेवायची तर नुसतं पिण्याचं पाणी ६०० लिटर हवं आणि ते वीज जाण्याआधी भरलेलं हवं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा पहिली अडचण पडलेल्या झाडांची होती. रस्ते बंद, म्हणून वीज कंपनीची गाडी येत नाही. वीज नाही, म्हणून नळाला पाणी नाही आणि मोबाइलचे मनोरेही बंद. त्यामुळे ग्रामपंचायतीने आधी घ्यायची वस्तू म्हणजे झाडं कापायची पॉवर सॉ, सोबत दोन जादा साखळ्या, इंधनात मिसळायचं ऑइल, दोरखंड आणि ती चालवणारी किमान तीन माणसं. तारेवर पडलेल्या झाडाला मात्र वीज कंपनीच्या माणसाने लाइन बंद असल्याचं सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. शेजारचा जनरेटर उलटा वीज सोडत असू शकतो.

पैशाचं थोडक्यात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. तो मुख्यतः मदतीसाठी आहे. धोका आधीच कमी करण्यासाठी, म्हणजे सौम्यीकरणासाठी, पंधराव्या वित्त आयोगाने २० टक्के रक्कम वेगळी काढली. तिचे प्रस्ताव जिल्हा प्राधिकरणामार्फत जातात. पॉवर सॉसारख्या छोट्या खरेदीसाठी त्यांची वाट पाहू नका, ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात धरा.

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. दरडप्रवण गावांच्या यादीत नाव नाही. मागच्या पावसात वरच्या अंगाला जमिनीला भेग गेली. आम्ही कोणाकडे जायचं? (महाड तालुका)

यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री ज्या इर्शाळवाडीवर दरड आली, ती वाडीही दरडप्रवण यादीत नव्हती. तुमच्याच तालुक्यातल्या तळियेची २२ जुलै २०२१ ची दुर्घटना सगळ्यांना ठाऊक आहे.

आजच तहसीलदारांना लेखी अर्ज द्या. त्यात भेगेची लांबी, रुंदी, दिशा, खालच्या घरांची संख्या लिहा, फोटो जोडा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून पाहणी व्हावी अशी स्पष्ट मागणी करा. प्रत ग्रामपंचायतीला. पोचपावती घेतल्याशिवाय परतू नका, कारण तिच्यामुळेच पुढे कोणाला कधी कळलं होतं हे ठरतं.

पाहणी होईपर्यंतची कामं वाडीची आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोका आणि दोहोंमधलं अंतर दर आठवड्याला, पावसात रोज, त्याच माणसाने वहीत लिहावं. भेग चिकणमातीने ठासून बुजवा, वर प्लास्टिक घाला. आत शिरणारं पाणीच माती जड करतं आणि तिची पकड सोडवतं. भेगेच्या वर थोड्या अंतरावर आडवा चर काढून पाणी बाजूच्या ओहोळाला न्या. हा चर अर्धवट सोडला तर पाणी एकाच जागी मुरतं आणि तो नसण्यापेक्षा वाईट ठरतो. कोकणात बऱ्याच ठिकाणी वर जांभा आणि खाली निसरडी चिकणमाती असते. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं आणि त्या मातीवर अडतं. म्हणूनच वरून कोरडा, कणखर दिसणारा उतारही सरकतो.

पाऊस स्वतः मोजा. सरळ बाजूंचं, सपाट तळाचं भांडं उघड्यावर ठेवायचं, झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचं. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच बदलतो. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. पण अमुक आकड्याच्या आत धोका नाही, असा आकडा कोणी देऊ शकत नाही. सलग दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस आणि त्यासोबत खालीलपैकी एकही खूण दिसली, तर उजेड असतानाच बाहेर पडा : खुंट्यांमधलं अंतर वाढणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागणं. रात्री निघायचं ठरवलेल्या वाड्या निघत नाहीत. अंधार, पाऊस, गुरं आणि म्हातारी माणसं, सगळं एकदम आडवं येतं.

उताराचा पायथा कोणी कापला, हेही अर्जात लिहा. रस्त्यासाठी कापला असेल तर संरक्षक भिंत रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेने घालायची, घरासाठी कापला असेल तर घरमालकाने. भिंतीत पाणी झिरपून बाहेर यायला पाइप आणि मागे दगडगोट्यांचा थर नसेल, तर पाण्याच्या दाबाने अशी भिंतच कोसळते.

प्रश्न : खारबांधाला (समुद्राचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाला) दर उधाणात खांड जाते, म्हणजे तो फुटतो. विभाग म्हणतो, तुम्ही दुरुस्त करा. शेतकरी म्हणतात, सरकारने करावी. (पेण तालुका)

आधी योजना शासकीय की खासगी हे लेखी मागून घ्या. शासकीय असेल तर देखभाल खारभूमी विकास विभागाची, खासगी असेल तर लाभधारक शेतकऱ्यांची. निम्मे वाद एवढ्या एका कागदाने मिटतात.

खांड जाते ती बहुधा आधीच पोखरलेल्या जागी. खेकड्यांच्या बिळांतून पाणी वाट काढतं. उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) झडपेत ओंडका किंवा प्लास्टिक अडकलं की भरतीला ती मिटत नाही. कोणी बांधाच्या पायथ्याचीच माती उचलून माथ्यावर टाकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या चार दिवस आधी बांधावरून चालत जायचं, बिळं चिखलाने ठासायची, झडप हाताने उघडमीट करून पाहायची. हे काम आळीपाळीने नावं लावून वाटा, नाहीतर ते कोणीच करत नाही.

खांड बुजवायची ती भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, ओहोटीला. गोणी दोनतृतीयांशच भरा, म्हणजे ती दबून शेजारच्या गोणीला घट्ट बसते. विटांसारखे सांधे मोडत, दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. बांधाबाहेरची कांदळवनं तोडू नका. लाटेचा मार तीच झेलतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे.

प्रश्न : आमचं गाव औद्योगिक वसाहतीला लागून आहे. भोंगा वाजला तर काय करायचं, कोणी सांगत नाही. (खेड तालुका)

धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांखाली मोठ्या धोक्याचे ठरणारे कारखाने येतात. त्यांच्या आवारातला आराखडा कारखान्याने करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची. कुंपणाबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाचा, त्याची तालीम वर्षातून किमान एकदा. शेजारच्या लोकांना धोका आणि बचावाची माहिती देणं हे कारखान्याचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत. १९९६ च्या नियमांनुसार स्थानिक संकट गटही असतो आणि त्यात गावाचे प्रतिनिधी घेता येतात. ग्रामसभेचा ठराव करून प्रांताधिकाऱ्यांकडे तीन गोष्टी मागा : गटात गावाचा माणूस, भोंग्याच्या आवाजांचा अर्थ मराठीत, आणि पुढच्या तालमीची तारीख.

गळतीच्या वेळी वाऱ्याला काटकोनात बाजूला व्हा. वाऱ्याच्या दिशेने सरळ धावलं तर वायू सोबतच येतो. क्लोरिन हवेपेक्षा जड असतो, तो नाल्यात, खोलगट जागी साठतो. म्हणून उंचावर जा. बाहेर पडणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या, पंखे बंद करून फटींत ओले कपडे कोंबा.

प्रश्न : आमचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ वादळानंतर कपडे-धान्य पाठवतं. आणखी काय करता येईल?

पैसे वादळाआधी खर्च करा. जुने कपडे सहसा पडून राहतात. त्याऐवजी पत्र्याच्या घरांना खिळ्यांऐवजी वायसर लावलेले जे-हुक (इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट) बसवून द्या. वारा पत्रा कडेकडून उचलतो, म्हणून कडा आणि कोपऱ्यांवर हुक जवळजवळ हवेत. आणि पत्रा ज्यावर बसतो ते लाकूड भिंतीला पट्टीने बांधलेलं हवं, नाहीतर हुकांसकट सगळंच उडतं. पॉवर सॉ किंवा जनरेटर दिलात तर ग्रामपंचायतीच्या साठा नोंदवहीत नोंद करून द्या आणि तो कोणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव लिहून घ्या. दर मे महिन्यात ते यंत्र अर्धा तास चालवून पाहायचं आणि सर्व्हिसिंगचा खर्च मंडळाने उचलायचा, हेही त्याच कागदावर लिहा. देणगीत मिळालेली यंत्रं बिघडतात ती बहुतेक न वापरता पडून राहिल्याने, टाकीत साठलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकटून.