जाळी पुसली, वास तसाच

पावसाळा लागला की गाडीच्या एसीबद्दलची पत्रं वाढतात. त्यातली पाच आज घेतो.

प्रश्न (चंद्रपूर): आमच्याकडे कोळशाची काळी धूळ फार. एसीच्या जाळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या की कोपऱ्यांत चिखल बसतो. काय करावं?

उत्तर: ओलं फडकं सगळ्यात शेवटी. आधी कोरडं काम. रंगकामाचा एक इंची ब्रश घ्या आणि त्याचे केस कात्रीनं निम्मे कापा. आखूड केस वाकत नाहीत, पात्यांच्या सांध्यात शिरून धूळ उचलतात. ब्लोअर बंद ठेवा. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, आणि वरच्या पात्यापासून खाली या. पात्याला मागून बोटाचा आधार द्या. ते ज्या खुंटीवर फिरतं ती अगदी बारीक असते. तुटली की पातं लोंबकळतं आणि बहुतेक वेळा अख्खी जाळीच घ्यावी लागते. मग प्लास्टिकच्या पट्टीला मायक्रोफायबरचं फडकं गुंडाळा, जेमतेम ओलं करा आणि पात्यांमधून फिरवा.

पंपावरची दाबाची हवा जाळीत मारू नका, धूळ आणखी आत जाते. सिलिकॉनचं पॉलिशही नको. दोन दिवस चकाकतं आणि मग त्याच तेलकटपणावर धूळ चिकटून बसते.

प्रश्न (चिपळूण): एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या मोज्यांसारखा वास येतो. जाळ्या स्वच्छ पुसल्या, अत्तराची बाटली लावली, तरी वास जात नाही.

उत्तर: कारण वास जाळीत नाहीच. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यावर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. तुम्ही घरी येऊन गाडी बंद करता तेव्हा ती ओलीचिंब कॉइल अंधाऱ्या, बंद डब्यात तशीच राहते. कोकणातल्या जुलैच्या हवेत ती वाळणार कशी? बुरशी धरते, आणि सकाळी ब्लोअर सुरू झाला की पहिला झोत तिच्यावरून तुमच्या नाकात. अत्तरानं एवढंच होतं की बुरशीला मोगऱ्याचा वास येतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, वास झाकू नका. गाडीत लहान मुलं बसतात, तीच हवा ओढतात.

आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो, मागे एक झाकण दिसतं. फिल्टर काळपट, ओलसर निघाला तर फेकून द्या. धुऊन वाळवू नका, कागद फुगतो आणि घड्या बसतात. नवा बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेनं ठेवा. साधारण वर्षाला किंवा 10 हजार किलोमीटरला बदलावा, धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच. काही स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते पण फिल्टर नसतो, तेही तपासा.

मग बॉनेट उघडा आणि वायपरखालच्या जाळीत हात घाला. बाहेरची हवा तिथूनच आत येते. गाडी चिंचेखाली उभी राहत असेल तर तिची बारीक पानं जाळीतून सहज खाली पडतात आणि कुजतात. मी एका गाडीतून अशी ओंजळभर कुजकी पानं काढली, आणि अर्धा वास तिथेच संपला.

तरीही वास राहिला तर कॉइल फोमनं, म्हणजे फेसाच्या औषधानं, धुवावी लागेल. हे जाणत्या मेकॅनिककडूनच करा. समोरच्या जाळीतून फवारा मारणारा भेटला तर थांबवा. ते औषध कॉइलपर्यंत धड पोचत नाही आणि वाटेतल्या वायरिंगमध्ये ओघळतं.

पुढची सवय फुकटची आहे. घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करा, ब्लोअर मात्र चालू ठेवा. कॉइलवरचं बरंच पाणी उडून जातं. फक्त त्या वेळी झोत समोरच्या काचेकडे नको, काच एकदम धुरकट होते. मुसळधार पावसात हे करूच नका, आधी रस्ता दिसला पाहिजे.

प्रश्न (नाशिक): ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरची मॅट ओली होते. छत गळतंय का?

उत्तर: एसी चालवल्यावरच ओली होत असेल तर कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. नळी मोकळी करून घ्या, मॅटखालचा गालिचाही वाळवा. पण पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर बसत असेल तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे, हीटर गळतोय. गाडी लगेच दाखवा.

प्रश्न (पुणे): ब्लोअर मोठा केला की काळे कण उडतात. बाळाच्या अंगावर पडतात म्हणून भीती वाटते.

उत्तर: एक कण दोन बोटांत चोळून बघा. मातीसारखा खरखरला तर धूळ आहे, फिल्टर आणि ब्लोअर साफ करून भागेल. स्पंजासारखा दबून चुरा झाला तर आतल्या झडपांवरचा फोम सडला आहे. जुन्या गाड्यांत हे हमखास होतं. तो नवा बसवायला अनेकदा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, काम मोठं आहे. तोवर बाळाच्या दिशेची जाळी बंद ठेवा आणि ब्लोअर कमीवर चालवा.

प्रश्न (सांगली): ऊस तुटला आणि उंदीर गाडीत शिरले. जाळीतून घाण वास येतो, पाल्याचे तुकडे उडतात.

उत्तर: ब्लोअर अजिबात लावू नका. घरटं बहुधा फिल्टरवर किंवा ब्लोअरच्या पंख्यात असेल. लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही नको. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. दारं उघडी ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला. फिल्टरचं झाकण उघडून जे दिसेल त्यावर जंतुनाशक फवारा, दहा मिनिटं थांबा, कागदानं उचलून पिशवीत बांधा. फिल्टर कसाही दिसला तरी टाकून द्या. पंख्यातली घाण काढायला मेकॅनिककडून ब्लोअर उतरवून घ्या, आणि त्याच वेळी हवा आत येण्याच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी मारून घ्या. रात्री गाडी लावताना आतली हवा फिरवण्याचं बटण दाबून ठेवा, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप मिटलेली राहते.